साहेबासाठी रिकामी केलेली मोटार

पालेभाजी सकाळी विकली तर भाजी, दुपारी विकली तर चारा. माझ्या सासूनं मला हा धंदा शिकवला तो एवढ्याच शब्दांत. बाकीचं मी पाहून पाहून शिकले.

मी चौथी शिकलेली. पुढची शाळा गावात नव्हती, म्हणून तिथंच थांबले. लिहायची सवय मोडली होती, ती नातीच्या अभ्यासाशेजारी बसून बसून परत आली. दिवाळीच्या अंकात लोक आपापल्या कामाच्या गोष्टी लिहितात. कोणी मास्तर असतात, कोणी तलाठी, कोणी दवाखान्यातल्या बाई. नात मोठ्यानं वाचते, मी ऐकते. पण डोक्यावर माळव्याची पाटी घेऊन गावाला जाणाऱ्या बाईनं लिहिलेलं काही माझ्या कानावर आलं नाही. म्हणून आपणच लिहून पाहावं असं मनात आलं. हे कोणाला दाखवायचं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द अडतात. कागदासमोर अडत नाहीत, एवढंच.

आमचं गाव मेहकर ते डोणगाव या सडकेपासून दीड कोस आत. मध्ये एक नाला. गावाच्या खालच्या अंगाला विहिरीच्या पाण्यावर आमचं थोडं माळवं होतं. मेथी, पालक, पोकळा, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लोकांना वाटतं, भाजी उपटली, बांधली, विकली. तसं नसतं. मेथी उजाडायच्या आधी, दहिवरात म्हणजे दवात उपटायची. मुळाची माती झाडायची पण धुवायची नाही. अंबाडीच्या सालीनं जुडी बांधायची, तीही फार आवळून नाही, नाहीतर आतून तापते आणि पिवळी पडते. पाटीत मुळं बाहेर, पाला आत अशी गोल गोल लावायची. वर ओलं पोतं. आणि पाणी मारायचं ते हातानं शिंपडून, वाटेत दोनदा. कमी मारलं तर माना टाकते, जास्त मारलं तर सडते. काही बाया आदल्या दिवशीची जुडी पाण्यात बुडवून ठेवतात. ती बाजारात एकदम ताठ दिसते आणि घरी नेईपर्यंत काळी पडते. आम्ही ते कधी केलं नाही. केलं असतं तर मेहकरच्या बायांनी दुसऱ्याच दिवशी पाटी पालथी केली असती.

खरा घोर भाजीचा नव्हता, फाट्याचा होता. भल्या पहाटे निघून, नाला ओलांडून फाट्यावर जायचं आणि मोटारीची वाट पाहायची. मोटार आधीच भरून यायची. आम्हा पाटीवाल्यांना पाहिलं की डायवर नजर समोर ठेवायचा, जसा काही सडकेवर फक्त वाराच उभा आहे. एकदा अशीच मोटार निघून गेली आणि आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. ऊन वर आलं. तेवढ्यात एका वऱ्हाडाच्या बैलबंड्या आल्या. नवरदेवाच्या मामानं खाली उतरून सगळ्या पाट्यांमधली मेथी एकदम घेतली. आम्हाला वाटलं, लग्नात मेथीची भाजी! त्यानं ती बैलांपुढं टाकली. त्या बैलांनी जशी चवीनं खाल्ली तशी मेहकरात कोणी खाल्ली नसेल. भाव पडला, पण मेथी वाया गेली असं मला त्या दिवशी वाटलं नाही.

आता यमुनाचं सांगते, कारण मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

यमुना माझी शेजारीण. आमची विहीर एक, धुरा म्हणजे शेताचा बांध एक. नवरा लवकर गेला, लेकरू नाही. मोटेच्या धावेवर बैलानं लोटलं तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय सरळ पुढं टाकून चालायची. वाफ्यात मात्र बसल्या बसल्या सरकत काम करायची, आणि तिच्या वाफ्यासारखी मेथी गावात कोणाची नव्हती. पान जाड, देठ कोवळा. दीड कोस पाटी घेऊन चालणं तिच्यानं होत नव्हतं, म्हणून तिची भाजी माझ्या पाटीत जायची. अर्धी जाईल तेवढी. बाकीची तिचा दीर म्हशीला घालायचा.

हा दीर वाईट माणूस नव्हता. पण भेटला की एकच सांगायचा. "वैनी, तुह्या पायाचं असं. वावर माह्याकडं दे. वर्षाचे दाने घरपोच देतो. कायले मरमर करतं?"

यमुना म्हणायची, "दाने देशीन, पन मंग मी करू काय? दाने निवडत बसू?"

आणि तिचा भाऊ मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला होता, तो म्हणायचा, माझ्याकडे ये. दोघंही चांगलंच म्हणत होते. पण दोघांच्याही म्हणण्यात यमुनाचे वाफे नव्हते.

त्या सुमारास गावात मोटारीची चळवळ सुरू झाली. चळवळ हा शब्द आबा पाटलांचा. नवं राज्य झालं होतं, आणि आबा पारावर बसून म्हणायचे, "आता राज्य मराठी, अर्ज मराठी, मंग मोटार गावात काऊन नाई येनार?" शाळेतल्या गुरुजींनी अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला. त्याचं उत्तर आलं की रस्ता मोटारीजोगा नाही आणि गावात मोटार वळवायला जागा नाही.

मग गावानं रस्ता हाती घेतला. पुरुषांनी मुरूम खोदला, आम्ही बायांनी भाजीच्याच पाट्यांतून वाहिला. नाल्याच्या उतारावर दगड रचले. यमुना रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसायची आणि हातोडीनं गिट्टी फोडायची. कोणी म्हटलं, "राहू दे वो यमुनाबाई, तुले काय जमते?" तर म्हणायची, "चालाचं काम तुमी करा. बसाचं माह्याकडं द्या. मोटारीत बी बसाचंच असते."

जागेचा प्रश्न हसन चाचांनी सोडवला. पारासमोर त्यांची लिंबाची बाग होती. कुंपण मागं घेतलं तरच मोटार वळणार होती, आणि कुंपणाला लागून भरल्या फळांची झाडं होती. चाचांनी स्वतः कुऱ्हाड घातली. म्हणाले, "झाड फिर लगा लेंगे. मोटार एक बार गयी तो कौन लायेगा?" पारासमोर बंड्या सोडून ठेवायची गावाची जुनी खोड होती, तीही आबांनी दवंडी देऊन मोडली. पहिले काही दिवस तरी बैल पारासमोर आणि मालक चावडीत, असं चालायचंच. डायवर भोंगा वाजवून वाजवून दमायचा आणि बैल त्याच्याकडे बघत रवंथ करायचे.

मोटार आली. सकाळची एक फेरी, मेहकरला जायची आणि उतरत्या उन्हात परत यायची. काही दिवस चालवून पाहू, माणसं असली तर कायमची करू, असं वरून सांगितलं होतं. टपावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, डायवरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो हार त्यानं मेहकरपर्यंत काढला नाही.

मोटारीची पायरी उंच. यमुनाचा गुडघा वाकेना. ती खाली उभी, आम्ही वर. तेव्हा कंडक्टरनं इकडं तिकडं पाहिलं आणि चाचांच्या कुंपणाशी पडलेला लिंबाचा रिकामा खोका आणून तिच्या पायापुढं पालथा ठेवला. त्यावर उभं राहून ती पाठमोरी टेकली आणि सरकत आत आली. तेव्हापासून तो खोका पाराशी तिच्यासाठीच राहिला. खिडकीजवळची मागची जागा तिची. पाय सरळ ठेवता येई अशी तेवढीच एक जागा होती.

मेहकरला बालाजीच्या देवळाकडच्या रस्त्यावर आम्ही बसायचो. मी तिथं आधीपासून बसत होते, पण मला ओरडता येत नसे. पाटी मांडायची आणि खाली मान घालून बसायचं. ज्याला दिसेल त्यानं घ्यावं. यमुना आली आणि पहिल्याच दिवशी तिनं असा आवाज टाकला की पलीकडचा कापडवाला दुकानाबाहेर आला. "घ्या वो माय मेथी! दहिवर सुकलं नाई अजून! हात लावून पाहा, हात हिरवा होते!" तिच्या आवाजावर माझीही पाटी रिकामी व्हायची.

एक पेन्शनर आजोबा रोज यायचे. धोतर, काठी, डोळ्यांवर जाड भिंगं. जुडी उचलायची, झटकायची, नाकाशी धरायची आणि म्हणायचं, "कालची." दवबिंदू गळत असला तरी कालची. मी बिचारी गप्प बसायची. यमुना म्हणाली, "कालची म्हनता, आजोबा? मंग उद्या या. हेच जुडी तुमच्यासाठी राखून ठेवतो, उद्या तं खरंच कालची होईन!" आजोबा काठीवर वाकून हसले. त्यानंतर ते रोज म्हणायचे "कालची" आणि यमुना रोज नवं उत्तर द्यायची. दोघांनाही त्याशिवाय करमत नसे. घेऊन मात्र रोज जायचे.

परतीच्या मोटारीत यमुना खिडकीतून बाहेर बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "सरू, मी माह्या हातानं माही भाजी विकली, हे मले अजून खरं वाटत नाई." दीर भेटला तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं. "मोटार चालू राह्यली तं मले कोनाचे दाने नको, भाऊजी. वावर मीच करीन." तो म्हणाला, "पाहू. मोटार राह्यली तं राह्य."

मोटार भरून जात होती. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर कोणालाच ते पटवता आलं नाही. टपावर पाट्या, पोती, कोंबड्यांचं डालं. आत माणसं एकमेकांच्या मांडीवर. वरून भाजीचं पाणी खिडकीतून आत गळायचं. एकदा एक पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे ओल्या बाकावर बसले आणि उठले तेव्हा मागून सगळे चिखलाचे. त्यांनी आबांसमोर फार आरडाओरडा केला. आबांना ते लागलं.

इथं आबांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांच्या घरून पाहुणा उपाशी गेला असं कधी झालं नाही. आमच्याकडे रीतच आहे: आधी पाहुण्यांची पंगत, मग घरच्यांची. पाहुणे जेवत असताना घरचं लेकरूसुद्धा पाटाजवळ फिरकायचं नाही. ही रीत आबांनी जन्मभर पाळली, आणि गावाला पाळायला लावली.

एके दिवशी कंडक्टर उतरताना म्हणाला, "आबा, उद्या मोठे साहेब येऊन राह्यले, आपली गाडी पाह्याले. चालू ठेवाची का बंद कराची, ते ठरवतीन." त्याला पुढं काही सांगायची गरज वाटली नाही. आणि आम्हाला विचारायची.

आबांनी पाराशी सगळ्यांना जमवलं. आम्ही बाया मागं उभ्या होतो. आबा म्हणाले, "साहेबाले गाडी आवडली पाह्यजे. उद्या गाडीत भाजी नको, कोंबड्या नको, गर्दी नको. त्या चिखलात साहेबाले बसवाचं काय? गावाची काही अब्रू हाय का नाई?"

सगळ्यांनी माना हलवल्या. हसन चाचासुद्धा म्हणाले, "बात सही है. मेहमान पहले खाता, घरवाले बाद में."

मागून यमुना म्हणाली, "आबा, मंग आमी जाऊ कोन्या गाडीनं?"

"एक दिवस पायी जा, वैनी. एकदा साहेब खूश झाला का जलमभर मोटार तुमचीच."

"मले पायी जाता येत नाई."

"मंग एक दिवस घरी राहा. एक दिवसानं काय होते?"

कोणीतरी म्हणालं, "उद्या मेहकरचे लोक वरनच खातीन, भाजी नाई!" आणि सगळे हसले. यमुनाही हसली. तिच्या हसण्यात आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाव झाडून काढलेलं. पाराला आंब्याच्या पानांचं तोरण. साहेब मेहकरहून त्याच मोटारीनं आले. तरुण होते, घाईत होते. आबांनी त्यांना ओसरीवर नेलं. चहा, शिरा. साहेब नको नको म्हणत राहिले आणि आबा ताट पुढं सारत राहिले. तोवर इकडे पोरांनी मोटार आतून धुतली, जुन्या लुगड्यानं बाकं पुसली. खोका तेवढा बरा दिसत नाही म्हणून कोणीतरी उचलून चाचांच्या बागेत टाकला. कंडक्टरनं हे सगळं पाहिलं असतं तर काही बोलला असता. पण साहेबांच्या मागं तोही ओसरीवर उभा होता, हात बांधून.

आम्ही निघायच्या तयारीत पाट्या उचलत होतो, आणि पाहतो तर यमुना मोटारीत आपल्या जागी बसलेली. पोरांच्या खांद्याला धरून चढली असेल. पाटीखाली तिनं कोरडं पोतं घडी करून ठेवलं होतं, पाण्याचा एक थेंब बाकावर पडू नये म्हणून. नवं लुगडं नेसली होती.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांनी तिला पाहिलं. ते रागावले असते तर यमुना उतरली नसती, हे मला ठाऊक आहे. रागाला ती उत्तर देत असे. पण आबांनी खिडकीखाली येऊन हात जोडले. एवढा मोठा माणूस, पागोटं घातलेला. "वैनी," ते हळू म्हणाले, "गावाची इज्जत हाय."

यमुना उठली. खोका नव्हता. ती पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या खाली सरकली. नव्या लुगड्याला माती लागली. कोणी तिची पाटी उतरवून दिली. ती पाटी तिनं उघडून माझ्यापुढं केली आणि जेवढ्या जुड्या मावल्या तेवढ्या माझ्या पाटीत रचून दिल्या. रचताना मुळं बाहेर, पाला आत. त्यातही चूक केली नाही.

आम्ही पायी निघालो. नाल्याच्या उतारावर मोटारीनं आम्हाला गाठलं. पुढच्या बाकावर साहेब, बाजूला आबा, मागं गावची दोन मोठी माणसं, आणि बाकी सगळी मोटार रिकामी, स्वच्छ, चकचकीत. मागच्या दाराशी कंडक्टर उभा होता. तो आमच्याकडे बघून जोरजोरानं हात हलवत होता. आम्हाला वाटलं, चाकाखाली येऊ म्हणून बाजूला व्हा सांगतो आहे. आम्ही आणखी कडेला झालो. तो वर या म्हणत होता, हे नंतर कळलं. मोटार गेली आणि तिची धूळ ओल्या पोत्यांवर बसली.

वाटेत साहेबांनी आबांना विचारलं होतं, "रोज अशीच असते का गाडी?" आणि आबा अभिमानानं म्हणाले होते, "रोज अशीच, साहेब. गर्दी नाई, गडबड नाई. बिनघोर बसा."

त्या दिवशी आम्ही मेहकरला पोचलो तेव्हा बाजार विरळ झाला होता. पेन्शनर आजोबा आले. यमुनाच्या जागेकडे पाहिलं. जुडी उचलली, नाकाशी धरली. मी वाट पाहत होते. ते काही बोलले नाहीत. जुडी पिशवीत ठेवून निघून गेले. "कालची" म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

थोड्याच दिवसांत मोटार बंद झाली. शेवटच्या फेरीला कंडक्टर पाराशी उतरला आणि आबांसमोर कपाळावर हात मारून घेतला. "आबा, काय केलं हो तुमी! साहेब मानसं मोजाले आला होता. गाडी पाह्याले म्हंजे काय पत्रा पाह्याले? टपावर पाट्या पाहून तो खूश झाला असता. मले वाटलं, हे काय सांगाचं असते?"

आबा पारावर टेकले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बसून राहिले. पुढं ते मेहकरच्या हापिसात जाऊ लागले. एकटेच, फाट्यापर्यंत पायी. घरची बंडी होती, पण पायी. तिथला कारकून म्हणे, "पाटील, गर्दी नसते हे तुम्हीच साहेबांना सांगितलं ना?" एवढं ऐकून आबा परत फिरायचे आणि पुढच्या खेपेला नवा अर्ज घेऊन जायचे. गावात कोणी त्यांना बोललं नाही. बोलणार काय? माना तर सगळ्यांनीच हलवल्या होत्या.

यमुनाची भाजी पुन्हा माझ्या पाटीत आली. पण आता ती अर्धीच जात होती हे तिला सहन होईना. एकदा हातानं विकल्यावर तसं होत असावं. तिनं मेथी कमी करून कोहळी लावली, वांगी लावली, वाट पाहू शकेल असं माळवं. एक दिवस कोहळ्यावर हात फिरवत मला म्हणाली, "हे कसं, सरू, कधी बी विका. कोनी कालचं म्हनत नाई. बोलाचं काही कामच नाई." मग दीर आला. नुसता धुऱ्यावर बसून राहिला. सुगी झाल्यावर वावर त्याच्याकडे गेलं आणि भाऊ तिला न्यायला आला.

ज्या बंडीतून ती फाट्यापर्यंत गेली त्या बंडीमागून मी चालत गेले. ती म्हणाली, "शेवटचा वाफा उपटू नको. बी धरू दे." आबा दारात उभे होते. बंडी समोरून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. यमुनानं पदर नीट केला आणि म्हणाली, "आबा, तुमचा काही राग नाई." ते ऐकून आबा घरात निघून गेले.

मेहकरच्या रस्त्यावर मला ओरडायला यमुना गाव सोडून गेल्यावर शिकावं लागलं. पहिल्यांदा आवाज निघाला तेव्हा मीच दचकले. तिचेच शब्द होते.

मोटार पुन्हा आली, पण फार उशिरा. माझ्या थोरलीचं लग्न झालं होतं तोवर. आबा थकले होते, तरी अर्ज थांबले नव्हते. पुन्हा एक साहेब पाहायला येणार असं कळलं, तेव्हा आबांनी दवंडी दिली: "ज्याले काम हाय त्यानं बी चला, ज्याले नाई त्यानं बी चला!" सारं गाव मोटारीत. म्हातारे, लेकरं, एक शेळीचं करडू. टपावर पाट्या, आणि आम्ही मुद्दाम दुप्पट पाणी मारलेलं. या साहेबाला कोणी चहा विचारला नाही. बसायलाही जागा नव्हती. ते दांडीला धरून उभे राहिले, आणि वरून त्यांच्या खांद्यावर मेथीचं पाणी टपटप पडत होतं.

मला राहवेना. साहेब उभे आणि आपण बसलेल्या. मी उठायला लागले. तेवढ्यात आबा मागून ओरडले, "बस खाली, पोरी! साहेबाले उभं राहू दे!"

सगळी मोटार हसली. साहेबही हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत. ते मागच्या खिडकीजवळच्या जागेकडे बघत होते. तिथं कोणाचं तरी लेकरू पाय हलवत बसलं होतं.

मोटार कायमची झाली. आजही येते.

त्यानंतर मी मलकापूरला गेले, यमुनाला सांगायला. रुळांच्या पलीकडे जिनाच्या मागं भावाची खोली. यमुना खोलीच्या दारात बसून जिनातल्या कापसातला कचरा निवडत होती. केसांत, भुवयांत सगळीकडे तंतू. मला पाहून तिनं हातातलं काम ठेवलं, पण उठली नाही; उठायला तिला वेळ लागायचा.

मी म्हटलं, "मोटार आली, यमुना. चाल."

तिनं भुवईवरचा तंतू काढला. मग म्हणाली, "भरून येते?"

"भरून. उभं राह्याले जागा नाई."

"कोनी उतरवत तं नाई?"

"नाई."

"मंग झालं," ती म्हणाली. "आता येऊन करू काय, सरू? वाफे दिराचे झाले. दुसऱ्याच्या वाफ्यात बसून सरकाचं काय?"

ती रात्र मी तिथंच काढली आणि सकाळी निघायला उठले. खोलीच्या मोरीशी तेलाचा डबा आडवा कापून ठेवला होता आणि त्यात मेथी होती. चार बोटं माती, पण पान तेच, जाड. ती भिंत धरून उठली, डब्याशी बसली आणि सगळी मेथी उपटली. माती झाडली, धुतली नाही. कापसाच्या सुतानं जुडी बांधली, फार आवळून नाही, आणि माझ्या हातात दिली.

"ने," म्हणाली. "आजची हाय."

दोन मोटारी बदलून गावात पोचेतो दुपार टळली होती. वाटेत पाणी मारायचं मला सुचलं नव्हतं. जुडीनं माना टाकल्या होत्या. सासूच्या म्हणण्याप्रमाणे तो आता चारा होता. मी उंबऱ्यात बसून ती पान पान निवडली आणि चूल पेटवली.